शकुबाईच्या बाभळीवरचं मोहोळ

दिवाळीच्या सुट्टीचे नऊ दिवस संपले, तरी लिंबावर टांगलेल्या पेटीत एकही माशी आली नव्हती. साखऱ्याजवळच्या तांड्यावरची सगळी पोरं निताला हसून गेली.

पेटी तिनं मावसभाऊ प्रेमदास आणि वर्गमित्र भागवत यांच्या मदतीनं जुन्या फळ्या ठोकून केली होती. समोर अंगठ्याएवढं भोक पाडलं होतं आणि आतून मेण चोळलं होतं. मेण दिलं होतं संतराममामानं. त्याच्या बाळापूरच्या शेतात मधमाश्यांच्या पेट्या होत्या. निताच्या आईच्या वाडीत भोपळ्याची फुलं नुसतीच गळून जायची, फळ काही धरायचं नाही. मामानं फुलं पाहिली आणि सांगितलं, की इथं मधमाश्या हव्यात. विकत कशाला? जुन्या मेणाचा वास आला, की जुन्या मोहोळातून फुटून निघालेला थवा स्वतःहून राहायला येतो.

दहाव्या दिवशी सकाळी प्रेमदास धापा टाकत आला. पेटीत माश्या शिरत होत्या! तिघं लिंबाखाली जाऊन बसले. माश्या आत जात, कोपरान्‌कोपरा फिरून बाहेर येत आणि उडून जात. राहत मात्र एकही नव्हती.

"ह्या राहायला न्हाई आल्या," निता हळूच म्हणाली. "घर पाहून राहिल्यात. बाकीचा थवा कुठंतरी जवळच वाट पाहत लटकला असंल."

प्रत्येक माशी नाल्यापलीकडं एकाच दिशेनं जात होती. तिघं त्या रोखानं पळत सुटले आणि शकुबाई आजीच्या शेतात पोहोचले. तिथं मळणी यंत्र बंद केलेलं, मजूर लांब उभे आणि आभाळ भरून आलेलं. कापून रचलेल्या सोयाबीनच्या सुडीशेजारच्या बाभळीवर माश्यांचा मोठा घड लोंबत होता.

यंत्रवाला देविदास काठीला गोणपाट गुंडाळत होता. पाऊस यायच्या आत मळणी उरकायची, म्हणून तो माश्या जाळणार होता. तिनं माश्या मारू नका म्हणून विनवलं, पण देविदासनं तिला बाजूला सारलं आणि भागवतला दुसरं गोणपाट आणायला पिटाळलं. निता भागवतच्या कानाशी काहीतरी बोलली. तो नाल्याकडून वळसा घालून आला.

देविदासनं ते गोणपाट वरून गुंडाळलं आणि काडी ओढली. फुस्स. दुसरी, तिसरी. नुसता धूर.

"हे ओलं काहून?" तो ओरडला.

"मी भिजवायला लावलं, काका," निता पुढं होऊन म्हणाली. "एक ठिणगी उडाली तर आजीची सुडी जाईल."

सगळ्यांनी सुडीकडं पाहिलं. वाळून खडखडीत झालेली ती सुडी बाभळीपासून चार पावलांवर होती. शकुबाईचा चेहराच उतरला. वर्षाचं पीक होतं ते.

देविदास मात्र ऐकेना. हे आग्या मोहोळ आहे, सगळ्यांना फोडून काढील, असं त्याचं म्हणणं. निता सांगत होती, की आग्या माशी केवढी मोठी असते. ही तर बारकी सातेरी, पेटीत राहणारी. घर सोडून निघालेल्या माश्या पोट भरून निघतात, छेडल्याशिवाय सहसा चावत नाहीत. पण पोरीचं कोण ऐकणार? शेवटी ती बोलायची थांबली आणि सरळ बाभळीकडं चालू लागली. घडाच्या खाली जाऊन ती उभी राहिली. दोन माश्या तिच्या हातावर बसल्या, चालल्या, उडून गेल्या. तिनं हात हलवला नाही.

"आजी, बारापर्यंत थांबा," ती तिथूनच म्हणाली. "त्यांना घर सापडलंय. त्या आपल्या पायानं जातील."

शकुबाईनं देविदासकडं पाहिलं. "काडीपेटी खिशात ठेव. बारापर्यंत थांबायचं."

अकरा वाजले, साडेअकरा झाले. देविदास सारखा आभाळाकडं पाहत होता. पेटी पाहायला गेलेला प्रेमदास पळत आला. तिथं आता माश्यांची झुंबड उडाली होती.

आणि मग घड हलला. आधी थरथरला, मग सुटला. हजारो माश्या एकदम आभाळात उडाल्या. शेतभर घुमणारा आवाज झाला. तो तपकिरी ढग नाल्यावरून सरकू लागला आणि त्याच्याखालून तिघं धावत सुटले. मागून मजूर आले, शकुबाई आली, शेवटी देविदासही आला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो ढग लिंबावर उतरला आणि त्या अंगठ्याएवढ्या भोकातून धान्य ओतावं तसा आत शिरला.

"मी तीस वर्षं मळणी करून राहिलो," देविदास टोपी काढून म्हणाला. "असं कधी पाह्यलं न्हाई. पोरी, तुझं बराबर होतं."

पावसाचे थेंब पडायच्या आत शेवटचं पोतं शकुबाईच्या घरात गेलं. निताचा हात धरून ती तांड्यावर आली आणि आईला म्हणाली, "पारुबाई, तुझ्या लेकरानं माझं वर्ष वाचवलं."

चार दिवसांनी संतराममामा आला. त्यानं झाकण अलगद उचललं. आत पांढरीशुभ्र नवी पोळी ओळीनं लोंबत होती. पहिला थवा धरायला त्याला स्वतःला तीन वर्षं लागली होती, हे मामानं तेव्हाच पहिल्यांदा कबूल केलं. मग त्यानं आपली जाळीची टोपी काढून निताच्या डोक्यावर ठेवली. जाळी तिच्या कोपरापर्यंत आली.

"उद्यापासून झाकण तू उघडायचं," मामा म्हणाला.