पडद्याशी काढलेले बूट

"नाही म्हणजे नाही, आत्या! पप्पांनापण तूच धाडलं होतंस ना तिथे? काय मिळालं?"

"तोंड आवर! बापाचा व्हायोला काय खोक्यात कुजवायला ठेवलाय?"

पोरांनो, हे भांडण डेट्रॉइटला माझ्या वरच्या मजल्यावरचं. वर राहणाऱ्या ओझेलाने, म्हणजे त्या आत्यानेच, स्वतः सांगितलं मला, आणि तिला खोटं म्हणणाऱ्याने आधी माझ्याशी बोलावं.

भाची डेल्फीन बापाविना तिच्याकडे वाढलेली, बापासारखीच व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, वाजवणारी. दुसऱ्या दिवशी शहरातल्या मोठ्या वाद्यवृंदात निवडीची परीक्षा होती. तिथे पडद्याआड वाजवायचं, आणि बूट आधी काढायचे. पावलांच्या आवाजावरून बाई की बाप्या तेही कळायला नको. पोरीचा बाप, होझिया, असाच शेवटच्या फेरीपर्यंत पोचला होता. मग पडदा सरकला. काळा चेहरा दिसला. "कळवू," म्हणाले. मरेपर्यंत वाट बघत होता बिचारा.

डेल्फीन पाय आपटत इस्पितळात संध्याकाळच्या पाळीला गेली. फेब्रुवारीतला दुसरा गुरुवार, बाहेर बर्फ. सरावासाठी बैठकीत बांधलेली चादर दोरीवर तशीच होती. ओझेला दिवा घालवायला उठली...

आणि चादरीमागे व्हायोला सुरू झाला.

संथ. जाड तारेवर. तिला वाटलं, पोरगी मागच्या दाराने परत आली, राग निवला. ती परीक्षकासारखी ताठ बसली.

"छान गं. शेवट जरा सावकाश."

शेवट सावकाश झाला. पुन्हा पहिल्यापासून सुरू...

तेवढ्यात पुढचं दार उघडलं.

डेल्फीन. खांद्यांवर बर्फ.

सूर चालूच.

दोघी बघत राहिल्या. ओझेलाने हात लांब केला. चादर सरकवली.

थांबलं.

मागे कुणी नाही. व्हायोला खोक्यात, कुलूप तसंच. जमिनीवर फक्त पुरुषाचे काळे बूट. ओले. नीट जोडून ठेवलेले.

"मला घाबरवायला पप्पांचे बूट बाहेर काढलेस? लाज नाही वाटत?"

"कुठून काढू गं? शवपेटीत त्याला निजवताना याच बुटांच्या नाड्या तूच बांधल्यास ना?"

डेल्फीन त्या बुटांजवळ गेली...

मग खाली बसली. आपले बूट काढले, त्या बुटांशेजारी ठेवले. चादर पुन्हा नीट ओढली.

"सकाळी मी जाते, आत्या, पण आज ही चादर नको काढूस... पप्पांचं अजून वाजवून व्हायचंय."