चांगदेवाचा रूळ

यात्रेच्या दिवशी सकाळीच भगवंत पखाल घेऊन घाटावर पाणी मारायला गेला. घाट म्हणजे बैलगाडे पळवायचा चढ. डिंगोरे गावाच्या अलीकडचा हा घाट त्याच्या बापानं, चांगदेवानं, दोन उन्हाळे टेकडी फोडून केलेला. गाव हसायचं. मग चोपन्न साली एका दुपारी चढ दाबायला वर ओढत नेलेला दगडी रूळ मागं घसरला आणि चांगदेव त्याच्याखाली गेला. रूळ तेव्हापासून पायथ्याशीच पडून होता. रुळामागं दगड लावायचं काम भगवंताचं होतं. तो बैल बघायला पळाला होता. हे त्यानं आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

आज वर्षानं घाटाची पहिली शर्यत. माणूस खाल्लेला घाट; भगवंताचे बैल अडखळले तर तो कायमचा बंद, असं पंचांनी बजावलेलं.

दुपारी माळ माणसांनी फुलला. वाजंत्री, आरोळ्या, नुसता कल्लोळ! रिवाजाप्रमाणे पहिली बारी, पहिली धाव, देवाची, म्हणजे रिकामी. बैल नाहीत, गाडा नाही, फक्त भंडारा उधळायचा.

भंडारा उडाला. घाट पिवळ्या धुरळ्यात दिसेनासा झाला. तेवढ्यात पायथ्याशी घर्र... घर्र... आवाज निघाला आणि चढ चढत गेला. त्याच्या बैलांनी कान टवकारले. त्यांच्या माना आवाजाबरोबर हळूहळू वर वळल्या.

"सोमाजीकाका... आयकलं का?"

"काय आयकू? बैल धर नीट!" जू धरलेला सोमाजी खेकसला.

इशारा झाला. कानात वारं शिरल्यासारखे बैल सुटले ते थेट वर, जराही वाकडं न होता! निशाण पडलं. टोप्या उडाल्या. बापाचा, आबाचा घाट टिकला होता! भगवंत हसत, रडत मागोमाग वर धावला.

निशाणापाशी जुन्नरचे घड्याळवाले बदरुद्दीन वेळ धरून उभे होते.

"बारा सेकंद. लई भारी पळालं," ते पुटपुटले. "पर भगवंता... ह्यो रूळ वर कुणी आणला? भंडारा खाली बसला, आन् हितं व्हता..."

सकाळी पायथ्याशी पडलेला रूळ निशाणाच्या जरा खाली ऐन चढावर, घाटाच्या कडेला उभा होता. बैल अंग चोरून त्याच्या बाजूनं गेले होते. रुळामागं काहीच लावलेलं नव्हतं. खाली अख्खं गाव घाटात नाचत होतं. सगळ्यांत पुढं त्याची आई, सोनीबाई.

भगवंतानं धोंडा उचलला, रुळामागं सारला आणि दोन्ही हातांनी घट्ट दाबला.

"लावला... आबा, लावला..."

तेव्हा कुठं, कुणी हात काढून घ्यावा तसा, रूळ कर्रकन मागं कलला आणि धोंड्यावर टेकला.