बाटल्यांचा हत्ती आणि चिखलातली म्हैस

"अगं ए दिव्या, सोंड वाकडी चाललीय! हत्ती करतेस का दुधी भोपळा?"

खालून साईराज ओरडला. शिडीवरच्या दिव्यानं दातांत धरलेली तार काढली आणि उत्तर दिलं, "आधी तुझी मान सरळ कर, मग सोंड बघ!"

सीमाभागात, सदलग्याच्या पलीकडच्या त्या लहानशा गावात मे महिन्याची सुट्टी रंगात आली होती. शाळेच्या पटांगणात बांबूंचा दांडगा सांगाडा उभा होता आणि त्यावर प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्या बांधून हत्ती करायचं काम जोरात चाललं होतं. तालुक्याची स्पर्धा होती. लोकांनी टाकून दिलेल्या बाटल्या गोळा करायच्या आणि गावानं मिळून त्यातून काहीतरी उभं करायचं. हत्तीचं चित्र दिव्याचं. सातवीची परीक्षा संपल्यापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. तिचा धाकटा भाऊ अभिनंदन तारा कापून द्यायचा. मामाकडे सुट्टीला आलेला हिंडलग्याचा साईराज जे काही करायचा, त्याला काम म्हणायचं की नाही यावरून बहीणभावांत रोज वाद व्हायचा.

"आनीचे कान कधी करायचे?" अभिनंदननं विचारलं.

"आणि कान? म्हणजे आणखी काय काय राहिलंय?" साईराज बुचकळ्यात पडला.

"आणि न्हाय रं, आनी! कन्नडात आनी म्हणजे हत्ती. शाळेत कन्नडच्या तासाला शिकतोस का झोपतोस?"

"दोन्ही!"

सगळे हसले, पण दिव्याला हसू आलं नाही. बाटल्या तिच्या मनासारख्या नव्हत्या. एक उंच, एक बुटकी. एक चेपलेली, तर दुसरीच्या तळाशी कुणीतरी पान खाऊन थुंकलेलं. असला हत्ती तालुक्याला दाखवायचा?

तेवढ्यात खालच्या गल्लीतली मालुबाई डोक्यावर पोतं घेऊन आली. लग्नाच्या मांडवांत वाढप्याचं काम करताना तिनं बाटल्या गोळा केल्या होत्या. एकूण एक धुतलेली, कागद सोलून काढलेली.

"घे गं बाळ. तुझ्या हत्तीला आणल्यात."

दिव्यानं शिडीवरूनच दोनतीन बाटल्या उलटसुलट करून बघितल्या. "मावशी, ह्या न्हाय चालणार. सगळ्या ओरखडलेल्या आहेत. हत्तीला खरूज झाल्यागत दिसंल!"

भोवतालची पोरं खदखदून हसली. मालुबाई पोत्याकडे बघत राहिली.

"धुतल्यात गं. कापडं धुतल्यालं पाणी राखून ठिवलं हुतं, त्यात धुतल्यात."

"तरी नको, मावशी."

मालुबाईनं पोत्याचं तोंड पुन्हा बांधलं, पोतं डोक्यावर घेतलं आणि ती आली तशी निघून गेली. दिव्यानं तिकडे बघितलंसुद्धा नाही. ती आपल्या वडिलांना सांगत होती, "आप्पा, मला सगळ्या एकसारख्या पाहिजेत! चकचकीत!"

आण्णासाहेब, म्हणजे दिव्याचे आप्पा, गावच्या गणपती मंडळाचे अध्यक्ष होते आणि गावातलं सगळ्यात मोठं किराणा दुकान त्यांचं होतं. ते मिशीतल्या मिशीत हसले. "मिळतील की! अध्यक्षाची पोरगी तू. मंडळ कशाला हाय?"

आणि मिळाल्या! दुसऱ्याच दिवशी मंडळाचा सूरज पोती भरभरून बाटल्या घेऊन आला. सगळ्या एका मापाच्या, आरशासारख्या लखलखीत. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! दिव्यानं जुन्या बाटल्या उपटून टाकल्या आणि नव्या बांधायला घेतल्या. एवढ्या चांगल्या बाटल्या लोकांनी टाकल्या कधी, हा प्रश्न तिला पडला नाही. खरं सांगायचं तर तिनं तो पडू दिला नाही.

प्रश्न पडला तो साईराजला, आणि तोही एका म्हशीमुळे.

"अभ्या, ती बघ! मालुमावशीची म्हैस!"

"मग? म्हैस कधी बघितली न्हायीस?"

"चिखलानं माखलेली या उन्हाळ्यात न्हाय बघितली! नदीतले खडक उघडे पडलेत. नळ आठवड्यातनं एकदा येतोय. मग हिला लोळायला चिखल कुठं गावला?"

अभिनंदनचा हात तार कापता कापता थांबला. त्यानं समोरची बाटली उन्हात धरली. "आक्का, आणि ह्या बाटल्या आतनं ओल्या का गं? बाहेरनं कोरड्या, आतनं ओल्या. धुतलेली बाटली अशी असते व्हय?"

"तुम्हाला काम नको असतं, म्हणून असली खुसपटं काढता!" दिव्या खेकसली. पण ती दोघं वळल्यावर तिनंही एक बाटली उन्हात धरून बघितली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघंही म्हशीच्या मागे निघाले. म्हैस भलतीच निवांत. शेपटी हलवत ती गावाबाहेरच्या जुन्या तंबाखूच्या वखारीमागे वळली. तिथे गणपतीचं डेकोरेशन ठेवायला मंडळानं एक खोली घेतली होती. खोलीच्या मोरीतून पाण्याचा ओहोळ वाहत होता, भोवती हिरवंगार गवत माजलं होतं आणि मधल्या चिखलात म्हैस डोळे मिटून पसरली.

"बाप रे! हे तर तळंच की!" साईराज कुजबुजला.

आतून हसण्याचे आवाज येत होते. दिव्या पडक्या ओट्यावर चढली आणि तिनं झरोक्याला डोळा लावला.

आत पाण्याच्या बाटल्यांची खोकीच्या खोकी रचलेली होती. तिच्याच दुकानातली. सूरज आणि मंडळाचे दोघंजण कोऱ्या बाटल्यांची बुचं पिरगाळत होते आणि पाणी भडाभडा मोरीत ओतत होते.

"हात भरून आलं राव! हत्ती हाय का राक्षस?"

"साहेबांच्या पोरीला चकचकीतच पायजेत ना! खरूज चालत न्हाय म्हणं!"

पुन्हा हसणं. मग एक ओळखीचा आवाज आला. "हळू बोला रं. पोरांना कळायला नको."

आप्पा!

दिव्या ओट्यावरून उतरली. तिचे कान आतून भाजल्यासारखे तापले होते. तिला वाटलं, या चिखलात म्हशीशेजारी आपणही बुडून जावं, म्हणजे कुणाला तोंड दाखवायला नको. समोरून खालच्या गल्लीतल्या बायका रिकाम्या घागरी नळाच्या रांगेत लावायला चालल्या होत्या. त्यांत मालुबाई होती. दिव्या साईराजच्या मागे लपली.

"चल, हत्ती पाडूया!" साईराज म्हणाला.

"गप! आप्पा चामडी लोळवतील," अभिनंदन म्हणाला. "आक्का, तू काहीतरी बोल की!"

दिव्या घराच्या वाटेला लागली.

घरी आली तेव्हा राजमती आज्जी परसातल्या आडावर पाणी गाळत होती. घागरीच्या तोंडावर दुहेरी फडकं. सगळं पाणी गाळून झालं की आज्जी ते फडकं थोड्याशा पाण्यात खळबळायची, आणि फडक्यात अडकलेले डोळ्यांना न दिसणारे जीव पुन्हा त्याच आडात सोडायची. तेही वरून ओतून नाही, पोहरा पार पाण्यापर्यंत उतरवून. "वरनं टाकलं तर आपटून मरतील गं," असं ती म्हणायची. दिव्या लहानपणापासून हे बघत होती. त्या दिवशी मात्र तिला ते बघवेना.

जेवताना तिनं विचारलं, "आप्पा, बाटल्या कुठनं आणल्या?"

"कुठनं म्हंजे? गावातनंच. लोकांनी दिल्या गोळा करून."

आप्पांनी मान वर न करता भाकरी मोडली. आप्पा खोटं बोलत होते, आणि दिव्याला त्यांच्या वाटची लाज वाटली. मग तिला आठवलं, चकचकीत हा शब्द तर आपलाच. तिनं हातातला घास ताटात परत ठेवला.

पण रडून भागणार नव्हतं. वखारीत अजून खोकी शिल्लक होती, आणि हत्तीचे पाय व्हायचे होते! सकाळी तिनं दोघांना शिडीमागे ओढलं आणि एक बेत सांगितला. साईराजनं उडीच मारली. "दिव्या, तू लई पोहोचलेली हाईस!"

थोड्या वेळानं सूरज पोतं घेऊन आला, तर दिव्या हत्तीखाली चिंतेत बसलेली.

"सूरजदादा, घोळ झालाय! वळवाचा वारा सुटला तर हत्ती उलथणार. पायांत वजन पाहिजे."

"मग दगडं घाल की."

"दगडं दिसतील ना! बाटल्याच पाहिजेत, पण भरलेल्या. बूचसुद्धा उघडलेलं नको, गळती लागंल." आणि मग भोळ्या चेहऱ्यानं, "पण भरलेल्या बाटल्या मिळणार कुठं?"

सूरजचा चेहरा उजळला. पिरगाळून पिरगाळून त्याच्या हाताला फोड आले होते. "काळजी सोड! आत्ता आणतो!"

तो पाठमोरा झाला तसा अभिनंदननं तोंडात रुमाल कोंबला.

संध्याकाळपर्यंत हत्तीचे चारही पाय उभे राहिले. सगळ्या बाटल्या भरलेल्या, सील न तोडलेल्या, बुचं आतल्या बाजूला. लांबून काही कळायचं नाही.

उद्घाटनाला अख्खा गाव लोटला. चिकोडीहून परीक्षक मॅडम आल्या. आप्पा फेटा बांधून माईकसमोर उभे राहिले. "आपल्या गावानं टाकलेल्या एकेका बाटलीतनं हा हत्ती उभारलाय! टाकाऊतनं टिकाऊ!"

"आणि पाण्यातनं चिखल," साईराज पुटपुटला.

मॅडमनी दिव्याला पुढे बोलावलं. "तू केलास ना हत्ती? कसा केलास, सांग सगळ्यांना."

दिव्या माईकपाशी गेली. बोलायचं ठरवलेलं सगळं ती विसरली. ती वळली, हत्तीच्या पायातली एक बाटली तिनं तार वाकवून काढली आणि माईकजवळ धरून बूच पिरगाळलं.

कट्-कट्-कट्!

सील तुटल्याचा आवाज भोंग्यातून गावभर गेला. तो आवाज कुणाला ओळखू येत नाही?

"ह्या टाकलेल्या बाटल्या न्हाईत," दिव्या म्हणाली. "पायांतल्या अजून भरलेल्या आहेत. बाकीच्या बाटल्यांचं पाणी वखारीच्या मोरीत ओतलंय. मीच म्हणाले होते, चकचकीत पाहिजेत. मालुमावशीनं धुऊन आणलेल्या बाटल्या मी हसून परत पाठवल्या."

"अहो, तोल सांभाळायला भरलेल्या…" सूरज धडपडत पुढे आला. "मोरीत कुणी ओतलंय? पोरगी कायतरी बोलतीय!"

"सूरजदादा, वखारीमागं चला की!" साईराज ओरडला. "म्हैस साक्ष देईल!"

दोघेचौघे हसले आणि लगेच गप्प झाले, कारण पहिल्या रांगेतली राजमती आज्जी काठी टेकत उठली होती. तिनं मुलाकडे बघितलं.

"आण्णा, फडक्यातला जीव मी आडात नेऊन सोडतो, आणि माझा ल्योक…"

आप्पांची मान खाली गेली. आता थोबाडीत बसणार म्हणून दिव्यानं डोळे मिटले. उघडले तेव्हा आप्पांनी डोक्याचा फेटा काढून खुर्चीवर ठेवला होता.

"पोरीचा दोष न्हाई," ते म्हणाले, आणि माईक नसतानाही सगळ्यांना ऐकू गेलं. "बारक्या पोरीनं हट्ट केला. अक्कल मला पायजे हुती. मॅडम, आमच्या गावाचं नाव स्पर्धेतनं काढा."

मॅडमनी दिव्याच्या डोक्यावर हात ठेवला. "चलो माडिदी!" त्या कन्नडात म्हणाल्या. "लई चांगलं केलंस!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. आधी बिचकत, मग जोरात. दिव्याला वाटलं, या टाळ्या लवकर थांबाव्यात. तिला मालुबाईच्या डोक्यावरचं ते पोतं दिसत होतं.

हत्तीच्या पायांतल्या बाटल्या सुटल्या आणि आप्पांनी स्वतः त्या नळाच्या रांगेतल्या बायकांना वाटल्या. पायांचे बांबूही निघाले आणि हत्ती पोटावर बसला. "आनी दमली!" अभिनंदन म्हणाला.

त्याला पुन्हा उभं करायचं तर बाटल्या हव्या होत्या. दिव्या खालच्या गल्लीत गेली. मालुबाईच्या दारात ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"मावशी, ते पोतं… मला देशील?"

मालुबाईनं दार उघडून दाखवलं. भिंतीला लागून त्याच बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या. ओरखडलेल्या, उंच, बुटक्या, आणि सगळ्या काठोकाठ भरलेल्या.

"आता कुठल्या रिकाम्या गं? नळ आलता, तवा भरून ठिवल्या. पुढचं पाणी येस्तवर पुरवायचं हाय."

दिव्याला भिंतीत शिरावंसं वाटलं. "चुकलं, मावशी," एवढंच ती म्हणाली आणि जायला वळली.

"थांब."

मालुबाईनं त्यातली एक बाटली उचलली. तिच्यातलं पाणी हळूहळू तांब्यात काढलं, शेवटचा थेंब पडेपर्यंत उपडी धरली आणि रिकामी बाटली दिव्याच्या हातात दिली. "ही घे. सोंडंच्या टोकाला लाव. चारचौघांत बोललीस, शानी हाईस." मग ती हसली. "पर खरूज दिसली तर मला सांगू नगंस!"

पावसाआधीच गावच्या लग्नांतल्या बाटल्या साठल्या आणि हत्ती पुन्हा चार पायांवर उभा राहिला. चारही पाय चार तऱ्हांचे. सोंडेच्या टोकाला ती ओरखडलेली बाटली दिव्यानं स्वतः बांधली, आणि राजमती आज्जी काठी टेकत येऊन "आता झाला बघ हत्ती" म्हणून गेली.

त्याच दुपारी मालुबाईची म्हैस वखारीमागे जाऊन परत आली. अगदी कोरडी, कारण मोरीचं पाणी बंद झालं होतं आणि तिथला चिखल वाळून गेला होता. पटांगणात थांबून तिनं हत्तीकडे बघितलं, मग दिव्याकडे बघितलं. त्या म्हशीच्या नजरेला नजर द्यायचीसुद्धा दिव्याला लाज वाटली.