नियातोउचं अक्षर

पाहुआ आजींच्या अक्षराला अखेर क्रमांक मिळाला. पण आधी तो मिळालेलाच नाही, असं धरून सुरुवात करू.

माणसांना आपली आपण स्वप्नं पडायची बंद होऊन साठ वर्षं झाली होती. का बंद झाली, ते शोधणारी समिती अजून झोपलेली आहे. तोवर उशाशी 'निद्रालेख' लावायचा. हे यंत्र माणसाच्या आठवणींचा मजकूर करतं आणि त्या मजकुराचं स्वप्न करून परत डोक्यात सोडतं. त्याला अक्षराचा आकार कळत नाही, फक्त क्रमांक कळतो. एकदा दिलेला क्रमांक कधीच परत घेत नाहीत. घेतला तर जगाची जुनी स्वप्नं वाचता येणार नाहीत. आणि ज्या अक्षराला क्रमांक नाही, तिथे यंत्र रिकामी चौकट काढतं.

लाओसच्या डोंगरात राहणाऱ्या पाहुआ आजींच्या स्वप्नात वारलेल्या नवऱ्याच्या जागी सहा वर्षं चौकट येत होती. भात कापायची. दारात अडकायची.

"नुसतं 'तोउ' लिहा की," अक्षरांना क्रमांक देणाऱ्या लिपिमंडळाकडून गावात आलेल्या डॉ. संहिता फाटक म्हणाल्या. "ती अक्षरं यंत्रात आहेत."

"लिहून बघितलं. वीस वर्षांचा पोरगा आला. मला विचारतो, मावशी, तुम्ही कोणाच्या?"

आजींच्या ह्मोंग जमातीत पुरुष संसाराला लागला की बायकोचे आईवडील त्याला मोठेपणीचं नाव देतात. तोउचा नियातोउ झाला, तेव्हा आजींच्या वडिलांनी कौतुकाने 'निया'साठी गावच्या लिपीत एक नवंच अक्षर घडवलं: वाकलेली रेघ, वर दोन टिंबं. त्या अक्षराशिवाय येणारा नवरा लग्नाआधीचा. तो बायकोला ओळखणार कसा?

"आजी, नियमाप्रमाणे अक्षर वापरणारी दोन जिवंत माणसं लागतात."

"एक मी."

"आणि दुसरं?"

"तू काय मेलीयस?"

संहिताबाईंनी ओसरीवर बसून अक्षर गिरवलं. अर्ज मंजूर झाला.

पहिल्याच झोपेत नियातोउ आला, चुलीपाशी बसला आणि म्हणाला, "कोंबड्या कोंडल्यास का?" आजी जाग्या झाल्या त्या हसत. दुपारी मुद्दाम पुन्हा झोपल्या.

मग नवं अक्षर जगातल्या सगळ्या निद्रालेखांत पोचलं. निद्रालेखाची एक सवय असते: नवं अक्षर तो प्रत्येकाच्या स्वप्नात काढून बघतो आणि ते पाहिलेल्या सगळ्यांच्या स्वप्नांतून त्याचा अर्थ ठरवत जातो. या अक्षराला अर्थ एकच होता, नियातोउ. तो नऊ अब्ज लोकांच्या स्वप्नात जाऊन कोंबड्यांची चौकशी करू लागला. लोकांनी त्याला प्रेमाने चहा दिला, आपापली गाऱ्हाणी सांगितली. साताऱ्याच्या एका दंतवैद्याने त्याची दाढ भरली.

आठव्या दिवशी तो आजींकडे आला. बराच वेळ दाढेबद्दल बोलला. आजींनी त्याचा हात धरला, तेव्हा त्याने तो सभ्यपणे धरू दिला. आता तो सगळ्यांना ओळखत होता. आजींनाही, थोडंसं.

"गर्दीत चेहरे लक्षात राहत नाहीत हो," तो म्हणाला.

आजींनी सांगितलं आणि संहिताबाईंनी लिहून घेतलं:

प्रति, मा. अध्यक्ष, लिपिमंडळ. विषय: पती परत मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सदर क्रमांक रद्द करण्यात यावा. तसेच सर्व नऊ अब्ज इसमांनी माझ्या पतीस विसरावे व विसरल्याची लेखी पोच सात दिवसांत द्यावी, ही विनंती.