मनोऱ्यांमधला दोर

सकाळची प्रार्थना आटोपून एंड्रेस क्रेल चर्चच्या पायऱ्या उतरत होता, तोच मागून कुणीतरी त्याचा झगा घट्ट धरला.

"सोडणार नाही, साहेब. ओरडा हवं तर."

छापखान्यासाठी लाकडी ठसे कोरणाऱ्या फाइट रिंगलरची बायको अपोलोनिया. डोक्यावरचं फडकं घसरलेलं, हात थंडीने लाल झालेले.

"बाई, मी काल संध्याकाळीच परगावाहून आलोय. मला काही ठाऊक नाही."

"म्हणून तर तुम्हाला धरलंय. ज्यांना सगळं ठाऊक आहे ते तोंड फिरवून जातात."

एंड्रेस नगरसभेचा चौकशी अधिकारी होता. सभागृहाखालच्या तळघरातल्या कैद्यांना प्रश्न विचारायचे, हे त्याचं काम. ईस्टरपूर्वीचे उपवास चालू होते. या दिवसांत तो एकवेळच जेवी, आणि जेवण होईपर्यंत कुणाला कठोर बोलत नसे. तो तिथेच पायरीवर बसला. तिलाही बस म्हणाला. ती बसली नाही.

उभ्याउभ्याच तिने सांगितलं. गावातले धनिक जगाचा सचित्र इतिहास छापवून घेत होते. एकही चित्र पुस्तकाआधी बाहेर जाऊ देणार नाही, अशी शपथ प्रत्येक कारागिराने उजव्या हाताची दोन बोटं वर करून घेतली होती. आणि आता आउग्सबुर्गहून एक स्वस्त छापील ताव बाजारात आला होता. त्यावर याच पुस्तकातलं एक शहर. ठसा फाइटचा, म्हणून फाइटला उचललं. हात मागे बांधून दोराला टांगलं. तिसऱ्यांदा वर ओढल्यावर तो 'हो' म्हणाला.

"उद्या सकाळी त्याची बोटं तोडणार. शपथेची दोन. तो सुरी त्याच दोन बोटांनी धरतो, साहेब."

"उद्याच?"

"परवा झावळ्यांच्या रविवारी ईस्टरचा आठवडा लागतो ना! पवित्र आठवड्यात रक्त सांडलेलं देवाला चालत नाही म्हणे. उद्या चालतं."

एंड्रेस उठून थेट कचेरीकडे निघाला.

*

कचेरीत त्याचा जोडीदार अधिकारी लीनहार्ट खारवलेला मासा खात बसला होता. त्याने आउग्सबुर्गचा ताव पुढे सरकवला आणि शेजारी आपल्या पुस्तकातल्या चित्राचा, छापखान्याकडून चौकशीपुरता मागवलेला नमुना ठेवला.

"बघ. आपल्या चित्रात नदी डावीकडे, यांच्यात उजवीकडे. सगळं शहर उलटं. आता लाकडावर चित्र कसं कोरतात? उलटंच. म्हणजे नक्कल ठशावरून झाली. ठसा कुणाकडे होता? फाइटकडे. संपलं."

"आणि हा दोर?"

"कसला दोर?"

आउग्सबुर्गच्या चित्रात शहराच्या या टोकाच्या मनोऱ्यापासून त्या टोकाच्या मनोऱ्यापर्यंत एक दोर आडवा ताणलेला होता. त्यावर हातात काठी घेतलेला नखाएवढा डोंबारी. आपल्या नमुन्यात दोरही नव्हता आणि डोंबारीही.

"असेल तिथे जत्रा," लीनहार्ट म्हणाला. "नक्कल करणाऱ्याची हौस."

"दोर मनोऱ्याला बांधतात. हा चर्चच्या छपरातून आरपार गेलाय. भिंतीतूनही."

"एंड्रेस, तू उपाशी आहेस. काहीतरी खा."

*

तळघरात फाइट भिंतीला टेकून बसला होता. खांदे उतरलेले, दोन्ही हात मांडीवर, कुणी आणून ठेवावेत तसे.

"तू कोरलंस ते शहर कुठलं?"

"दमास्कस, साहेब."

"पाहिलंयस?"

"मासळीबाजाराच्या पलीकडे मी काही पाहिलं नाही. चित्रकाराने लाकडावर काढून दिलं, मी कोरलं."

"त्यात दोर होता?"

"नव्हता. दमास्कसमध्ये दोर असतो का?"

"ठसा छापखान्यात कधी दिलास?"

"सुगीत. त्यानंतर डोळ्यांनीसुद्धा पाहिला नाही. ठसे ठेवतात त्या कुलपाच्या खोलीत आम्हाला सोडतात कुठे?"

"स्वतःजवळ एखादा छाप ठेवला होतास?"

फाइटने मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाला, "एक. शाई लावून हाताने घासून काढलेला, कोरीव जमलंय का बघायला. बायकोने तो खिडकीच्या फटीवर चिकटवलाय. वारा येतो."

"मग 'हो' का म्हणालास?"

"खाली उतरवतील म्हणून."

एंड्रेस त्याच्या घरी गेला. खिडकीवरच्या कागदावर धूर बसला होता, तरी दमास्कस स्वच्छ दिसत होतं. दोर नव्हता.

*

छापखान्याचा मालक सिक्स्ट किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावूनच हिंडे. कुलपाच्या खोलीत तावांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते.

"हा ठसा दमास्कससाठीच वापरला?"

सिक्स्ट खाकरला. "मांतुआसाठीही."

"दमास्कस आणि मांतुआ अगदी एकसारखी?"

"साहेब, वाचणाऱ्याने दोन्हींपैकी एकही पाहिलेलं नसतं. राजेही आम्ही असेच भागवतो. एकच दाढीवाला चार देशांवर राज्य करतो. आजवर कुणाची तक्रार नाही."

एंड्रेसला हसू आलं आणि लगेच मावळलं. त्याने गठ्ठ्यांतून दोन्ही शहरांचा एकेक ताव काढून खिडकीशी नेला. दमास्कस निर्मळ होतं. मांतुआमध्ये मात्र शहराच्या आरपार, एका रेषेत, बारीक काळपट ठिपके उमटले होते.

"हे काय?"

"भरलेल्या चिरेच्या खुणा. थंडीत लाकूड वाळलं आणि दाबाखाली ठसा चिरला. नेमका आडवा. सरस घालून, पाचरी ठोकून मीच सांधला."

"फाइटला बोलावलं नाही?"

"त्याला इथे यायची बंदी आहे."

"चीर लगेच लक्षात आली?"

"थोडे ताव निघून गेले. सगळ्या शहरातून पांढरी रेघ गेली होती. ते बाद केले."

"ते कुठे आहेत?"

सिक्स्टने जुडगा उगाच चाचपला. "इथे जाळत नाही. एवढा कागद, ठिणगी पडली तर! बाद ताव पुस्तकात पैसा घालणाऱ्या मालकांच्या घरच्या भट्टीत जातात. करारच तसा आहे."

"आणि चांगले ताव?"

"पुस्तक पुरं होईपर्यंत मालकांनाही मिळत नाहीत. एकही नाही. त्यांचा एकमेकांवर विश्वास नाही, साहेब."

"बाद ताव कोण नेतं?"

"मला हे पुस्तक पुरं करायचंय. घरी मुलं आहेत."

"मी फक्त नाव विचारतोय."

"गाब्रिएल रुमलर," सिक्स्ट हळूच म्हणाला. "स्वतः येतात. नोकराला हात लावू देत नाहीत. मला वाटायचं, केवढी ही काळजी!"

पुस्तकाच्या मालकांपैकी एक असलेला रुमलर नगरसभेतही बसत असे. फाइटच्या शिक्षेला हात वर करणाऱ्यांत तोही होता.

*

दुपारी सभेच्या आतल्या दालनात तिघंच होते. थोरले सभासद बर्थोल्ड शेगडीजवळ, रुमलर खिडकीजवळ, एंड्रेस उभा.

त्याने मेणाची गोळी टेबलावर ठेवली आणि बोटातली मुद्रेची अंगठी तिच्यावर दाबली.

"मुद्रेवर गरुड उलटा आहे, मेणावर सुलटा. आता माझी मुद्रा चोरायची तर? अंगठी बघून तशीच्या तशी कोरली, तर मेणावर गरुड सुलटाच येईल. मेणावरचा गरुड बघून तसाच कोरला, तर उलटा येईल. आउग्सबुर्गचं शहर उलटं आलंय. म्हणजे त्या माणसापुढे ठसा नव्हताच. छापलेला कागद होता. लीनहार्टने जो पुरावा फाइटविरुद्ध धरला, तो फाइटच्या बाजूचा आहे."

"कागद फाइटकडेही होता," रुमलर म्हणाला.

"होता. खिडकीला लावलाय. त्यात दोर नाही, दमास्कसच्या तावात नाही, आणि सांधल्यानंतरच्या मांतुआतही नाही. दोर आहे फक्त मधल्या तावांत. ठसा चिरला आणि छपरांतून, भिंतींतून एक पांढरी रेघ गेली. आउग्सबुर्गच्या कारागिराला ती चीर आहे हे कळलं नाही. त्याला वाटलं, चित्रातच काहीतरी आहे. त्याने रेघेच्या दोन्ही कडा कोरल्या, तिचा दोर केला. नुसता दोर विचित्र दिसायला लागला, म्हणून वर डोंबारी चढवला."

बर्थोल्ड शेगडीकडे बघत होते.

"चीर पडली तेव्हा ठसा कुलपाच्या खोलीत होता. फाइट तिथे कधी गेलाच नाही."

"सिक्स्ट होता की!" रुमलर म्हणाला.

"सिक्स्टच्या हाताखाली अख्खं पुस्तक आहे. विकायचंच तर तो चिरलेला ताव कशाला देईल? बाद ताव तोच विकेल, ज्याला दुसरा मिळतच नाही. ते ताव तुमच्या भट्टीसाठी निघाले होते, रुमलर साहेब. निदान एक तरी भट्टीत गेला नाही."

रुमलर चिडला नाही. त्याने खिडकी लावून घेतली.

"हे एवढं मोठं पुस्तक किती घरांत जाणार? बिशपांच्या, राजांच्या, आमच्यासारख्यांच्या. अशा तावांवरून आउग्सबुर्गला लहान, स्वस्त पुस्तक निघेल, ते चांभारही घेईल. इथे नफ्याला चार भागीदार, तिथे मी एकटा. त्या कोरणाऱ्याचं नाव मी घेतलं नव्हतं. ते तुमच्याच लोकांनी काढलं."

"आणि तुम्ही हात वर केलात."

"सगळ्यांनी केला. मी एकट्याने खाली ठेवला असता, तर दिसलं असतं."

एंड्रेस बर्थोल्डकडे वळला. "थोरले साहेब, ऐकलंत ना?"

"ऐकलं. मुद्देसूद बोलतोस तू." बर्थोल्डचा आवाज मऊ होता. "पण निकाल घंटा वाजवून वाचला गेलाय. कबुली चौकाने ऐकलीय."

"दोराला टांगून घेतलेली कबुली!"

"सगळ्याच तशा असतात, बाळ. ही एक परत घेतली, की लोक विचारतील, आधीच्या कशा होत्या? ज्यांना फाशी दिली त्यांच्या बायका आहेत, पोरं आहेत. त्यांना तू काय सांगणार?"

"मी चौकात जाऊन सांगेन."

"सांग. उद्या सकाळी तुझ्या जागी लीनहार्ट खाली जाईल, आणि निकाल आहे तसा अमलात येईल." ते उठले, एंड्रेसच्या खांद्यावर हात ठेवला. "तू गप्प राहिलास, तर सभेला दया येईल. सण जवळ आलाय. दोनांऐवजी एक. कुठलं, ते त्याने ठरवावं. जा, विचारून ये."

बाहेरच्या जिन्यात एंड्रेसने हात जोडले. वर्षानुवर्षं रोज म्हटलेली प्रार्थना. ओठ हलले, शब्द आला नाही. आतल्या दालनाचं दार मागे बंद झालं होतं. तो खाली गेला.

*

अपोलोनिया गजाबाहेर बसून फाइटला वाटाण्याचं कालवण भरवत होती. एंड्रेसने काही लपवलं नाही. नाव सांगितलं, चीर सांगितली, दोर सांगितला. मग एका बोटाचं सांगितलं.

ती ओरडेल असं त्याला वाटलं होतं. तिने वाटी खाली ठेवली.

"म्हणजे त्याने केलं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे," ती म्हणाली. "त्यांनाही ठाऊक आहे."

"हो."

"आणि तरी?"

"आणि तरी."

फाइट मात्र विचार करत होता. एखाद्या लाकडातल्या रेषा बघाव्यात तसा तो आपल्या उजव्या हाताकडे बघत होता.

"अगं, चमचा दे जरा."

त्याने चमचा सुरीसारखा धरायचा प्रयत्न केला. निखळलेल्या खांद्यामुळे हात उचलेना. तिने मनगट खालून उचलून धरलं. अंगठ्याशेजारचं पहिलं बोट बाजूला काढून त्याने चमचा हवेत ओढला. तो घसरला. मग मधलं बोट काढलं. चमचा टिकला, पण वळेना. सरळ रेघ जमली, गोलाई जमेना. पुन्हा पहिलं बोट. पुन्हा मधलं.

"पहिलं गेलं तर जोर नाही," तो पुटपुटला. "मधलं गेलं तर वळण नाही. चेहरे नाही यायचे. घरं येतील. घाई नाही ना, साहेब?"

"नाही. वेळ घे."

त्याने आणखी बराच वेळ करून पाहिलं. अपोलोनियाने मनगट सोडलं नाही. शेवटी चमचा जमिनीवरच्या पेंढ्यावर पडला आणि फाइटने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. असता, तर एंड्रेसला बरं वाटलं असतं.

"मला नाही ठरवता येत," तो म्हणाला. "तुम्ही एवढं सगळं शोधून काढलंत, साहेब. आता हेही तुम्हीच सांगा."