सहीआधी पाच बार

बिनसहीची म्हणून विकली असती, तर व्हर्ना झर्बीला त्या बंदुकीचे तीन हजार डॉलर मिळाले असते. बापाची म्हणून विकली असती, तर चौदा हजार. मधले अकरा हजार माझ्या एका कागदावर अवलंबून होते. हा हिशेब मी तिला टेबलावर मांडून दाखवला, तर तिने त्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"विकायचीय कुणाला?" ती म्हणाली. "मला त्यांचं नाव हवंय, एल्वुड. लेखी."

गिऱ्हाईक असं बोललं की मी सावध होतो. पैशासाठी आलेला माणूस निम्म्यावर समाधान मानतो. नावासाठी आलेला काही केल्या मानत नाही.

ओली नावाच्या खोऱ्यात आमच्या कोठाराच्या खालच्या मजल्यावर माझं काम चालतं. उत्तरेला मोठी खिडकी, तिच्याखाली कामाचं ओकचं बाक, आणि वर्षानुवर्षं मुरलेला जवसाच्या तेलाचा वास. पेन्सिल्व्हेनियाच्या या कोपऱ्यात अजूनही लोक ठासणीच्या लांब बंदुका हाताने घडवतात. तोंडातून दारू आणि गोळी ठासायची, चकमकीने पेटवायची, खापरपणज्यांची रीत. पुष्कळ जण त्यांवर नाव घालत नाहीत. कुणी लाजतो, कुणी विसरतो, कुणाला घाई असते. मग वारस ती माझ्याकडे आणतात. सही नसली तरी माणूस लाकडात राहून जातोच. कानस कुठवर ओढली, खिळा कुठे बसवला, पान कोरताना कुठे दम खाल्ला, हे वाचता यावं लागतं. आजवर चारशे बारा बंदुकांना मी बाप मिळवून दिलाय आणि एकीनेही तक्रार केलेली नाही.

व्हर्नाचा बाप माहलॉन झर्बी हा जिल्ह्यातला सगळ्यात चांगला हात, हे त्याचे शत्रूही मान्य करायचे. त्याचा एक नियम खोऱ्याला पाठ होता. बंदूक पुरी झाली की तो ती स्वतः खांद्याला लावायचा, साठ पावलांवरच्या फळीवर पाच बार काढायचा आणि मगच नळीवर नाव कोरायचा. "बोललीच नाही अजून, तिला नाव कसलं देता?" असं म्हणायचा.

१९८३च्या वसंतात अर्धांगाचा झटका येऊन त्याचा उजवा हात गेला. वाचाही गेल्यातच जमा. पुढच्या तीन वर्षांत त्या दुकानातून अकरा बंदुका बाहेर पडल्या, त्या सगळ्यांवर भागीदाराचं, कर्टिस होकचं नाव. त्या अकरांनी कर्टिसला मोठं केलं. आता आमच्या बंदूककारांच्या मंडळाचं प्रदर्शन महिन्यावर आलं होतं आणि माहलॉनच्या कपाटावर लावायची पाटी छापून तयार होती. 'माहलॉन झर्बी. काम १९८३पर्यंत.'

"शहाऐंशीत गेले ते," व्हर्ना म्हणाली. "रोज सकाळी सातला दुकानात जायचे. तीन वर्षं तिथे काय माश्या मारत होते?"

आणि तिने आईच्या गोधड्यांच्या पेटीखाली सापडलेली ती बंदूक माझ्या हातात दिली.

सोमवारी सकाळी मी ती खोलली. वाघाच्या कातडीसारखे पट्टे असलेलं मॅपलचं लाकूड, दस्त्यावर पितळी झाकणी, गाल टेकतो त्या बाजूला कोरलेली वेल. खिळे हलकेच ठोकून काढले, नळी उचलली. खाली नाव नाही, वर नाव नाही. नळीचं बूड आतून चकचकीत. एकदाही झाडलेली नव्हती. चकमकीची कळ काढली तर आत कारखान्याचा शिक्का, १९८४. म्हणजे हात गेल्यानंतरची.

ठासायचा गज ठेवतात त्या खोबणीला भिंग लावलं. दोन केसाएवढ्या रेषा, रुळांसारख्या, टोकापासून टोकापर्यंत. ही माहलॉनची गोल पटाशी. तिच्या धारेला दोन खाचा होत्या आणि त्याने त्या कधी घासून काढल्या नाहीत. पण एकाच दुकानात एकच पटाशी दोघांनीही वापरली असेल. एवढ्यावर मी सही करत नाही.

मग वेलीकडे पाहिलं. उजव्या हाताने कोरलेल्या रेषेची एक कड उभी असते आणि एक उतरती. इथे जिथे उभी हवी तिथे उतार होता. प्रत्येक पानात. कर्टिस उजव्या हाताचा.

मी स्टुलावर बसलो. साठीला आलेल्या, अर्ध्या अंगाच्या माणसाने आपल्या डाव्या हाताला पहिल्या धड्यापासून शिकवलं होतं आणि एकही रेषा थरथरू दिली नव्हती. माणूस माझा कुणी नव्हता, तरी माझी छाती फुगली.

कळीची लाकडातली खाच पुसायला बोट घातलं. लाकडात लोखंड नीट बसतंय का ते कळावं म्हणून आमचे लोक लोखंडाला तेलातली काजळी फासतात. जिथे काळं उमटेल तिथे तासायचं. ती काजळी चाळीस वर्षांत वाळून खडखडीत होते. माझं बोट काळं आणि ओलं बाहेर आलं.

दमट हवा, म्हटलं. बंदूक जोडली, वजन केलं, वहीत लिहिलं. आठ पौंड अकरा औंस.

मंगळवारी आठ पौंड दहा.

काट्यावर चीजवाल्याचं दोन पौंडांचं वजन ठेवून पाहिलं. काटा बरोबर होता. बुधवारी आठ पौंड साडेनऊ औंस भरली. मग सोमवारी घेतलेले फोटो आणून वेलीशेजारी धरले. फोटोतल्या शेवटच्या पानाला दोन शिरा होत्या. लाकडातल्या पानाला तीन होत्या.

फरशी झाडली. कीस नाही, भुसा नाही. ताज्या तासलेल्या मॅपलचा गोडसर वास मात्र होता, आणि माझ्याकडे त्या आठवड्यात तासायला मॅपल नव्हतंच. कुलूप बदलायचं मनात आलं. पण कुलूप बाहेरून आत येणाऱ्यासाठी असतं.

मंडळाच्या नियमाप्रमाणे दुसऱ्या जाणकाराचं मत लागतं, आणि माहलॉनचं काम कर्टिसइतकं कुणीच पाहिलेलं नव्हतं. गुरुवारी दुपारी तो आला. ब्याऐंशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात काठी, पण टेकायला नव्हे. व्हर्ना आधीच येऊन खिडकीशी बसली होती.

"एल्वुड! अजून आहेस होय?" तो दारातूनच ओरडला. "मला वाटलं, स्वतःचीच किंमत ठरवून विकून टाकलंस."

"लावून पाहिली. कुणी घेईना."

"आणि ही बघा व्हर्ना. बापासारखंच नाक, बापासारखाच राग."

"राग अजून दाखवलेला नाही, कर्टिस," व्हर्ना म्हणाली. "आधी बंदूक बघा."

त्याने ती उचलली. तोंड चालूच होतं. जेवणात आंबट कोबी होता, पाव शिळा होता. मग अंगठा वेलीवर गेला आणि बोलणं थांबलं. त्याने बंदूक उजेडाकडे वळवली, परत वळवली.

"ही तुमची?" व्हर्नाने विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"पोरी, दोन्ही हात लावले असते तरी मला हे जमलं नसतं." एवढं तो ताठ मानेने बोलला. कारागीर होता शेवटी.

"मग त्या अकरा?"

बाहेर कुणाचं तरी मका काढायचं यंत्र चाललं होतं. कर्टिसने वेलीवरचा अंगठा उचलला.

"नियम त्याचाच होता," तो म्हणाला. "ज्याने बार काढले त्याने नाव कोरायचं. त्याला बंदूक उचलवत नव्हती. मी उचलली."

"त्यांना विचारलं होतं?"

"त्याला बोलता कुठे येत होतं."

व्हर्ना उठली. तिने बंदूक त्याच्या हातून काढून घेतली.

"एल्वुड, दारू काढ."

कोठारामागे तोडलेल्या मक्याचे खुंट होते. साठ पावलं मोजून मी फळी उभी केली आणि कोळशाने तिच्यावर फुली काढली. व्हर्नाने जन्मात बंदूक झाडलेली नव्हती. दारू मोजून, चरबी लावलेल्या चिंधीत गोळी गुंडाळून मी ठासली आणि कसं धरायचं ते सांगू लागलो. तिने ऐकलं नाही. लिहिते उजव्या हाताने, शिवते उजव्या हाताने. बंदूक डाव्या खांद्याला लावली.

पहिला बार. फुलीच्या मधोमध भोक.

दुसऱ्या बाराला मला वाटलं, गोळी फळीवरून गेली. जवळ जाऊन पाहिलं. भोक तेच होतं, किंचित मोठं.

तिसरा, चौथा. व्हर्नाचा चेहरा शांत होता, लांब काहीतरी ऐकणाऱ्या माणसासारखा. कर्टिस स्वतःच्या बुटांकडे पाहत होता.

पाचवा.

धूर खुंटांवर रेंगाळला. फळीमागच्या मातीतून मी पाच गोळ्या उकरल्या. एकीत एक बसून त्यांचा एकच शिशाचा गोळा झाला होता.

आम्ही परत आलो. बंदूक व्हर्नाच्या हातातून क्षणभरही सुटली नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. बाकावर ठेवली तेव्हा उत्तरेचा उजेड नळीवर आडवा पडला.

'एम. झर्बी.'

मी अक्षरावरून बोट फिरवलं. नुकत्याच कोरलेल्या धातूला कडेशी बारीक काटे राहतात. एक माझ्या बोटात गेला. थेंबभर रक्त आलं.

"ही त्यांचीच अक्षरं," व्हर्ना म्हणाली.

"त्याचीच," कर्टिस म्हणाला. आणि टोपी काढली.

मी कागद लिहिला. पटाशीच्या दोन रेषा, डाव्या हाताची कड, कळीवरचं १९८४ साल, शेवटी नळीवरची सही. सही कधी उमटली हा रकाना फॉर्ममध्ये नव्हता. चारशे तेरावी. एवढ्या तोऱ्याने मी कुठलाच कागद लिहिलेला नाही.

प्रदर्शनात पाटी बदलली. 'काम १९८६पर्यंत.' व्हर्ना तीन दिवस त्या कपाटाशेजारी उभी होती. निळा ड्रेस, डाव्या खांद्यावर अजून न गेलेला वळ. कुणीही थांबलं की सांगायची, "डाव्या हाताने केलीय. जवळून बघा." लोक जवळून बघायचे आणि हळू आवाजात बोलू लागायचे.

त्यानंतरच्या सोमवारी ओहायोहून एका दंतवैद्याचा फोन आला. त्याच्याकडे कर्टिस होकची पंच्याऐंशी सालची बंदूक आहे. म्हणजे होती. नळीवरचं नाव गेलंय. घासलेलं नाही, जाडीही कमी झालेली नाही. तिथे कधी काही कोरलंच नव्हतं असं दिसतं. विमेवाल्यांना काय सांगू?

नाताळपर्यंत असे अकरा फोन झाले. मी मनात म्हटलं, चला, फिटलं.

जानेवारीत बारावा आला. ती बंदूक एकोणऐंशीची, कर्टिसने स्वतः, आपल्या उजव्या हाताने, माझ्यासमोर केलेली. मग तेरावा. फेब्रुवारी संपताना मी मोजणं सोडलं.

तर कुणी काय भरलं, ते असं. व्हर्नाने माझी फी आणि खांद्यावरचा वळ. मी पाच बारांची दारू आणि थेंबभर रक्त. कर्टिसने मात्र सगळं व्यवस्थित भरायचं ठरवलं. त्या अकरांचे त्या काळी मिळालेले पैसे, एकतीस हजार, त्याने व्हर्नाच्या नावे चेकने पाठवले. चेकवर सही नव्हती. ती तो घेऊन त्याच्या घरी गेली. त्याने माफी मागितली, तिच्या डोळ्यांदेखत सही केली, फुंकर मारून शाई वाळवली. ती घरी पोचली तेव्हा ती जागा कोरी होती.

तो अजून दर आठवड्याला एक चेक पाठवतो. हल्ली पाकिटावर पाठवणाऱ्याचं नावही नसतं.