देवमासा लिहिलेली फीत

जपानमधल्या हाचिनोहेच्या नौदल तळावरून दुपारी निवृत्त नारुमींना बोलावणं आलं, तेव्हा काम साधंच होतं. पाणबुड्या शोधणाऱ्या विमानांत ध्वनिमुद्रित केलेल्या जुन्या फिती टाकून द्यायच्या होत्या. त्याआधी जाणत्या कानांनी त्या एकदा ऐकाव्यात, एवढंच. सव्वीस वर्षं नारुमींनी विमानात बसून समुद्र ऐकला होता. खाली समुद्रात टाकलेल्या, पाण्यातला आवाज टिपणाऱ्या तरंगत्या बोयांतून येणाऱ्या आवाजावरून पाणबुडीच्या पंख्याला पाती किती हे ते सांगत. त्या कानांचा त्यांना गर्वही होता, खोटं कशाला बोला.

अकरावी फीत हातात आली. पाकिटावर त्यांचंच अक्षर होतं: देवमासा.

चौतीस वर्षांपूर्वीचा तो दिवस: धुकं, संपत आलेलं इंधन, आणि तीन दिवस पाठलाग केलेली पाणबुडी. तेव्हाच एका बोयातून ठकठक आली होती. देवमासा असाच सुताराच्या हातोडीसारखा वाजतो. पण देवमासा तीन ठोके देऊन थांबत नाही, पुन्हा तीन देत नाही. हे तेव्हाही त्यांना कळलं होतं. वर कळवलं असतं तर त्या माणसाच्या शोधासाठी पाणबुडीचा पाठलाग सोडावा लागला असता. त्यांनी देवमासा लिहिलं. दोन दिवसांनी माकूळ मासळी धरणारी एक होडी उलटलेली सापडली, आत हवा अडकून राहिलेला एक कोपरा आणि त्यात त्यांच्या बायकोच्या भावाचं, कोहेईचं प्रेत. हातांची बोटं फुटलेली होती.

चौतीस वर्षं त्यांनी हे बायकोला सांगितलं नव्हतं.

नारुमींनी फीत पूर्ण ऐकली. मग 'देवमासा' खोडून खाली लिहिलं: माणूस. शेजारी बसून नोंदी करणाऱ्या चिबाबाईंनी विचारलं, कुणी ओळखीचं होतं का? ते म्हणाले, घरचं.

संध्याकाळी त्यांची बायको फुसाए न्हाणीघरात टबात पाणी भरत होती. तिथल्या रिवाजाप्रमाणे रोज आधी ते टबात बसणार, मग त्याच पाण्यात ती. कपडे न काढताच नारुमी दारात उभे राहिले आणि सगळं सांगून टाकलं.

फुसाएने नळ बंद केला.

"मला वाटलं तुम्ही रोज ऐकताय, आणि मुद्दाम बोलत नाही…"

"काय ऐकतोय?"

"कोहेईला. पाण्यात कान बुडवला की ऐकू येतो. होडी गेल्यापासून." तिचा आवाज अगदी साधा होता. "एवढे नावाजलेले कान तुमचे, म्हणून मी कधी विचारलं नाही."

नारुमी वाकले. गरम पाण्यात कान बुडवला. काहीच ऐकू आलं नाही. फुसाएनेही पलीकडून कान बुडवला. तिचं बोट टबाच्या काठावर हलू लागलं: तीन ठोके, थांबणं, पुन्हा तीन.

मग बोट अडखळलं.

"अहो…" ती पाण्यातून कान न काढताच कुजबुजली, "आज त्याच्यासोबत अजून कुणीतरी वाजवतंय."